निरोपाचं गुलाबपाणी

परीक्षक उठून गेले, ही बातमी रय्याच्या आधी डोंगर चढून वर पोचली होती. नाहीतर शुक्रवारी पहाटे तिच्या कमरेला फुलांसाठी फडकं बांधताना झुवैना आत्याने असे ओठ मुडपायचं काही कारण नव्हतं.

"हसून घे आत्या, कोंडून ठेवू नकोस. खाली सगळ्या निझवा शहराने हसून घेतलंय, तूच तेवढी राहिलीयेस."

"मी कुठे हसतेय? थंडीने दात वाजतायत माझे," आत्या म्हणाली आणि मग बांधावरच बसून पोट धरधरून हसली.

झालं होतं ते असं. बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक धंदा निवडायचा, त्याचा आराखडा तयार करायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे तो बोलून दाखवायचा. पदवी त्यावरच अडलेली. वर्गातल्या पोरांनी कॉफीची दुकानं, मोबाइलवरून कपडे धुवायला नेणाऱ्या कंपन्या, असलं काय काय काढलं. रय्याने घरचं गुलाबपाणी घेतलं. मार्केटिंगच्या सरांनी पहिल्या वर्षापासून एकच पालुपद लावलं होतं, आधी माल हुंगू द्या, मग तोंड उघडा. रय्याने ते भलतंच मनावर घेतलं. गुरुवारी ती आईची चांदीची गुलाबदाणी घेऊन गेली आणि सलाम केल्या केल्या दोन्ही परीक्षकांच्या ओंजळीत तिने गुलाबपाणी शिंपडलं.

आता, या मुलखात पाहुण्याच्या हातावर गुलाबपाणी केव्हा पडतं हे शेंबडं पोरही सांगेल. खाणं झालं, कॉफीचा कहवा झाला, धूप फिरला, की सगळ्यात शेवटी. त्यानंतरही बसून राहतो तो निलाजरा. थोरले परीक्षक निझवाच्या जुन्या बाजारातले, पांढऱ्या दाढीचे. ओली ओंजळ दाढीवरून फिरवत ते म्हणाले, "अल्ला भलं करो पोरी, छान झालं," आणि काठी शोधू लागले. वडीलधारा उठल्यावर दुसऱ्याची बसून राहायची काय टाप? तोही उठला. रय्याच्या मार्गदर्शक डॉक्टर बद्रिया अर्धवट उठल्या, अर्धवट बसल्या. पडद्यावर पहिलं पान उजळलं तेव्हा दोघे जिना उतरत होते, आणि म्हाताऱ्या माणसाला 'परत फिरा' म्हणायची हिंमत अख्ख्या वर्गात कुणाला झाली नाही.

"आधी कळस मग पाया!" आत्या डोळे पुसत म्हणाली. "तुझी आई असती ना, तर तीच गुलाबदाणी डोक्यात घातली असती तुझ्या."

"रविवारी पुन्हा बोलावलंय."

"त्यांना?"

"मला. ते येतील की नाही, देव जाणे."

उजाडत होतं. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक उतरत गेलेल्या वाफ्यांमधून गुलाबी ठिपके दिसू लागले होते आणि खाली दरी अजून झोपेत निळी पडून होती. ऊन अंगावर आलं की फुलातला वास उडतो, म्हणून वेचणी उन्हाच्या आधी. या वेळी रय्याला कधीच पुरती जाग नसे. बोटं देठ खुडत राहायची, फडकं भरत जायचं आणि मन कुठल्या कुठे तरंगत असायचं. खरं सांगायचं तर तिने अख्खी पदवी अशीच अर्ध्या झोपेत मिळवत आणली होती. पुस्तकातली उदाहरणं शीतपेयांच्या कारखान्यांची आणि मोटारींच्या कंपन्यांची असत. ती मनातल्या मनात प्रत्येक कारखाना पुसून तिथे ही बाग लावायची. मागणीची रेघ फळ्यावर चढू लागली की तिला वाफे दिसत. मनुष्यबळ हा शब्द आला की आत्याचे काट्यांनी ओरबाडलेले हात दिसत. एकदा बद्रियाबाईंनी विचारलं होतं, "रय्या, कुठे आहेस?" आणि तिच्या तोंडून खरं तेच निघून गेलं होतं, "तिसऱ्या वाफ्यात."

आत्ताही तिला वाटलं की ते दोघे परीक्षक इथेच, गुलाबांच्या मधे मांडी घालून बसलेत. उठत नाहीत. पायांवर दव पडतंय तरी उठत नाहीत, आणि ती एकेक फूल खुडत त्यांना सगळं समजावून सांगतेय. आपलं पाणी तपकिरी का, त्याला धुराचा वास का, आणि तोच वास ज्यांना हवा ती माणसं कुठे राहतात. शब्द कसे सुरेख सुचत होते. थोरल्यांनी मान डोलावली, तोच बोटात काटा घुसला आणि परीक्षक विरून गेले.

तिला ही बाग हवी होती. एवढंच होतं सगळं. पदवी घ्यायची, वर यायचं आणि बाबांच्या शेजारी बसून हा धंदा स्वतःच्या हातात घ्यायचा. कारखान्यासाठी नाही, मस्कतच्या उंच इमारतीसाठी नाही, ती चार वर्षं याच्यासाठी शिकली होती. काल रात्रीच्या जेवणाला ती बाबांना हे सांगणार होती. पण जिला स्वतःच्या परीक्षेत दोन माणसं बसवून ठेवता आली नाहीत, तिने कुठल्या तोंडाने बाग मागायची? ती जेवली आणि झोपली.

"दुपारी हिलाल येतोय," आत्या पलीकडच्या झुडपातून म्हणाली. "पाहुण्याला घेऊन."

"कुठल्या पाहुण्याला?"

"मस्कतची अत्तराची कंपनी आहे ना, तिचा मालक. मुहन्ना बिन सुलेमान. दहा वर्षांचं सगळं फूल त्याला द्यायचं. मातीच्या भट्ट्या मोडून स्टीलची बसवणार. पाणी काचेसारखं पांढरं निघतं म्हणे तिच्यातून." आत्या जरा थांबली. "आणि तुला त्याच्या ऑफिसात नोकरी."

रय्याचा हात देठावरच राहिला. "मला?"

"मग कुणाला, मला? हिलालनेच घातलं ते बोलण्यात. पुतणीसाठी केलं हो त्याने, तू त्याला कितीही नावं ठेव. चांगलंच आहे की. तुझ्या तरी हाताला काटे लागायचे नाहीत."

धाकटा भाऊ हिलाल म्हणजे झुवैनाचा जीव की प्राण. वाटणीवरून दोघे भाऊ भांडले, हिलालने निझवाचं घर घेतलं, बाग थोरल्या खल्फानकडे, रय्याच्या बाबांकडे, राहिली आणि दोन वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, तेव्हाही ही चोरून त्याच्यासाठी डाळिंबं पाठवत होती. या ईदला बोलणं सुरू झालं. आता कळत होतं, ते कशासाठी.

भट्टीघराच्या भिंती धुराने काळ्याकुट्ट. लांबलचक मातीच्या ओट्याला तोंडं पाडलेली, प्रत्येक तोंडात मडकं, मडक्यात पाकळ्या, आत टांगलेलं तांब्याचं भांडं आणि वर झाकणाला थंड पाण्याचं पातेलं. वाफ वर जाऊन गार होते आणि थेंब थेंब भांड्यात उतरते. बाबा रोजच्या जागी पाय दुमडून बसले होते. रय्याने फुलं ओतली.

"दमलीस?"

"नाही बाबा."

"फुलं बरी आहेत यंदा."

"हं."

आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं असं चिमूटभरच होत असे. दोघांनाही त्याची सवय झाली होती आणि दोघांनाही ते डाचत होतं.

"कालचं ते..." रय्याने सुरुवात केली.

"ऐकलं मी." बाबांनी लाकूड आत सारलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. "हिलाल म्हणतो, तुझी खुर्ची ठरलीय. फिरती आहे म्हणे."

"फिरून कुठे जायचंय बाबा?"

"मला काय ठाऊक? मी आपला दगडावर बसणारा. शिकलेल्या माणसाला लागत असेल."

ते थट्टा करतायत की काय, हे तिला कळेना. धुरात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"तुम्ही हो म्हणणार?"

"भाऊ दोन वर्षांनी दारात येतोय." मग भट्टीशीच बोलावं तसं ते बोलले. "पलीकडची सैफची बाग बघतेस ना? तीन पोरं, तिघंही शिकली, तिघंही खाली गेली. म्हातारा होता तोवर पाणी सोडत होता. आता नुसती लाकडं उभी आहेत. वाईट वाटतं बघ त्या पोरांना, येतात ईदला, कोरड्या बागेपुढे उभी राहतात आणि मान खाली घालून जातात. माझ्या मागे हे काटे कुणाच्या गळ्यात पडू नयेत."

माझ्या गळ्यात पडू देत बाबा, मला हवेत. शब्द अगदी जिभेवर आले होते. तेवढ्यात पातेल्यातलं पाणी तापून वाफाळलं आणि ते बदलायला ती उठली. गार पाणी ओतून परत येईपर्यंत धीर गेला होता. नंतर बोलू, असं तिने मनाशी म्हटलं. या घरात बरंच काही असंच नंतरवर गेलं होतं.

जुम्म्याच्या नमाजानंतर गाडी आली. हिलालकाका आधी आवाजाने आत आले, मग स्वतः. मागोमाग पाहुणा, सडपातळ, हसऱ्या डोळ्यांचा, फेटा नीटनेटका. बैठकीत गालिचावर खजूर मांडले होते. घरात मुलगा नव्हता, तेव्हा कहवा ओतायचं काम रय्याचंच.

"ही बघा आमची उंटावरची शहाणी!" काका गरजले. "ऐकलं मी, परीक्षकांनाच घरी पाठवलंस! अगं, परीक्षेला बसतात, उठवत नाहीत!"

पाहुणा मनापासून हसला. रय्याचे कान तापले. डाव्या हातातल्या किटलीतून तिने कहवा ओतला. उजव्या हाताने कप पुढे केला. दाराच्या पडद्याआड आत्या उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या.

पाहुण्याने कप घेतला. ओठांपर्यंत नेला नाही. समोर गालिचावर ठेवला.

त्या एवढ्याशा कपाने केवढं तरी मागितलं होतं. इथे मोठी मागणी घेऊन आलेला माणूस कहवा असाच समोर ठेवतो. यजमान 'घ्या, दिलं तुम्हाला' म्हणाला तरच तो पितो. सोयरीक अशीच ठरते, वैरं अशीच मिटतात. भरला कप तसाच ठेवून पाहुणा उठून गेला, तर ती गोष्ट नातवंडांपर्यंत सांगितली जाते, आणि खाली मान घालावी लागते ती दोन्ही घरांना.

"खल्फान," पाहुणा मऊ आवाजात म्हणाला, "मी कशाला आलोय, तुमचा भाऊ बोलला असेल. दहा वसंतांचं फूल. भट्टी माझी, माणसं माझी. तुम्हाला धूर नाही, त्रास नाही. तुमच्या मुलीला माझ्या मुलींसारखं ठेवीन."

"दादा, तुला एकच शब्द बोलायचाय," काका म्हणाले. त्यांच्या आवाजातली गरज खरी होती. दोन वर्षं तुटलेला भाऊ भावाकडे बघत होता. "घर पुन्हा एक होऊ दे. बाग राखून करणार काय आहेस? पोरगी तर येणार नाही."

बाबांनी कपाकडे पाहिलं. तोंड उघडलं. रय्या किटली घेऊन उभी होती आणि तिला सगळं लांबून, पाण्याखालून दिसल्यासारखं दिसत होतं: बाबांचे ओठ, कपातली स्थिर पिवळी गोल चकती, पाहुण्याची अंगठी. आता 'घ्या' म्हणतील. मग रविवारी ती परीक्षकांपुढे उभी राहून ज्या बागेविषयी बोलेल, ती बागच राहिलेली नसेल.

"पोरीला विचारलंय का कुणी?"

पडद्याआडून आवाज आला. झुवैना आत्याचा. जन्मभर हिलालची बाजू घेणाऱ्या झुवैनाचा.

"ताई, तू आत..." काका म्हणाले.

"मी आतच आहे. बाहेर तुम्ही सगळे आहात म्हणून विचारतेय. सकाळी नोकरीचं सांगितलं तर पोरगी अशी पांढरी पडली, जशी काही कुणी गेल्याची बातमी दिली. मी मूर्ख, मला वाटलं आनंदाने गप्प झाली. वाफे उतरले, फुलं ओतली, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला माझ्या."

बाबांनी मान वळवली. आज पहिल्यांदाच ते लेकीकडे सरळ बघत होते.

"रय्या. तुला खाली जायचं नाही?"

"नाही बाबा." तिने किटली खाली ठेवली. "मला इथे यायचंय. पदवी झाली की दुसऱ्या दिवशी. मी शिकलेच त्याच्यासाठी. काल तुम्हाला सांगणार होते, पण कालचा तो तमाशा झाला आणि मला लाज वाटली."

"चार वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"तुम्ही विचारायचं होतं ना."

बाबांनी दाढीवरून हात फिरवला. मग पाहुण्याकडे वळून ते अदबीने म्हणाले, "मुहन्नासाहेब, चूक माझी. तुमचा कप चुकीच्या माणसापुढे ठेवला गेला. बाग हिची आहे. हिला मागा."

"दादा!" काकांचा आवाज चिरकला.

पाहुण्याने कप बोटांनी अलगद उचलला, गुडघ्यावर जरासा वळला आणि रय्यापुढे ठेवला. त्याचे डोळे अजून हसत होते, पण आता ते व्यापाऱ्याचे डोळे होते.

रय्या खाली बसली. गंमत अशी की तिला मुळीच भीती वाटली नाही. वाटाघाटींच्या तासाला बद्रियाबाई म्हणत, समोरच्याला काय हवंय ते बघू नका, त्याला काय घेऊन परत जाणं परवडणार नाही ते बघा. समोरच्याला भरला कप मागे टाकून जाणं परवडणार नव्हतं. तिला त्याला तसं पाठवणं परवडणार नव्हतं. दोघेही एकाच कपाला बांधलेले.

"दहा वर्षं नाही," ती म्हणाली. "हा एक मोसम. खालच्या तीन वाफ्यांचं फूल तुमचं. भट्टी आमचीच, आणि धूरही आमचा."

"तपकिरी पाणी माझं गिऱ्हाईक घेत नाही पोरी."

"तुमचं गिऱ्हाईक कोण? हॉटेलवाले. त्यांना पांढरंच द्या, ते कुठूनही मिळतं. पण या डोंगरातून खाली गेलेली माणसं मस्कतमध्ये आहेत, दुबईत आहेत. त्यांच्या कपाटात पांढरी बाटली असते आणि नाकात हा धूर असतो. मी निझवाच्या बाजारात दोन्ही बाटल्या झाकून हुंगायला ठेवल्या होत्या. एक बाई तपकिरी बाटली परत देईचना. ती आमच्या सैफची सून निघाली."

पाहुणा जोरात हसला. "आणि नाही विकलं गेलं तर?"

"तर पुढच्या वसंतात कप ठेवायला येऊ नका. विकलं गेलं तर या, तेव्हा मीच ओतीन."

"आणि मी देऊ केलेली नोकरी? खुर्ची?"

"ती काकांना द्या. त्यांना फिरायला आवडतं."

पडद्याआड आत्या खुसखुसली. काका लालबुंद झाले, पण रय्याने त्यांच्याकडे पाहून लगेच म्हटलं, "थट्टा केली काका. मस्कतला माल पोचवायला मला घरचंच माणूस लागेल. बाहेरच्याला हा वास कळायचा नाही. तुम्हाला कळतो." काका खजुराची बी कितीतरी वेळ बोटांत फिरवत राहिले.

पाहुण्याने रय्याकडे पाहिलं, खल्फानकडे पाहिलं. मग त्याने कप उचलला आणि गार झालेला कहवा एका घोटात संपवला.

आत्याने पडद्याआड सोडलेला श्वास बैठकीत ऐकू आला.

काकांनी घसा साफ केला. "हे तात्पुरतं झालं. पण मी म्हणतो, दहाचं नाही तर निदान पाचचं..." ते पुढे सरसावले. पुन्हा सगळा गुंता उलगडायला घेणार हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं, आणि भावापुढे आपण किती वेळ टिकू याची खात्री बाबांनाही नसावी.

"रय्या," बाबा शांतपणे म्हणाले, "गुलाबपाणी आण."

काकांचं वाक्य तोंडातच राहिलं. रय्याला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग ती उठली. आत्याने धूपदाणी आणि आईची गुलाबदाणी आधीच कोनाड्यातून काढून ठेवली होती. धूप फेट्यांखालून, दाढ्यांवरून फिरला, आणि मग तिने पाहुण्याच्या ओंजळीत पाणी शिंपडलं. तपकिरी थेंब, धुराचा आणि पहाटेचा वास. पाहुण्याने ओंजळ नाकाशी धरली, जरा जास्तच वेळ धरली, आणि म्हणाला, "अल्ला भलं करो. छान झालं." तो उठला. काकांनाही उठावं लागलं. त्यांच्या ओंजळीत तिने दोनदा शिंपडलं, आणि दारातून जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर एक टप्पल मारली. राग होता तिच्यात, पण नुसताच राग नव्हता.

गाडी वळणावळणाने उतरत दिसेनाशी झाली. ऊन वाफ्यांवरून वर सरकत होतं आणि भट्टीघरातून धुराची एक रेघ निघून दरीवर आडवी पसरली होती. बाबा ओट्यावर उभे होते. रय्या रिकामी झालेली गुलाबदाणी हातात धरून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

बाबांनी आपली ओंजळ तिच्यापुढे केली. तळाशी उरलेले दोन थेंब तिने झटकले. त्यांनी ते चेहऱ्यावर लावले आणि बोटांआडून त्यांचं हसू फुटलं. कालपासून कोंडून ठेवलेलं, खांदे गदगदवणारं हसू.

"रविवारी मात्र," डोळे पुसत ते म्हणाले, "शेवटी शिंपड."